आधी कान की आधी कागद? प्राथमिक शाळेतल्या संगीताची पार्श्वभूमी

१८८२ च्या नियमावलीत इंग्लंडच्या शिक्षण खात्याने प्राथमिक शाळांतल्या गाण्याला दर ठरवून दिला. मुले नुसती ऐकून गाणी म्हणत असतील, तर शाळेला दर मुलामागे सहा पेन्स अनुदान. तीच मुले स्वरलिपी वाचून गात असतील, तर एक शिलिंग. म्हणजे बरोबर दुप्पट. हा नियम आज गमतीचा वाटतो, पण शालेय संगीताचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास बराचसा याच एका भांडणाभोवती फिरला आहे. शाळेला कागद आवडतो, कारण कागदावरचे तपासता येते, त्याला गुण देता येतात. मूल मात्र गाणे शिकते ते कानाने आणि अंगाने.

भांडणाचे मूळ सार्वत्रिक शिक्षणापेक्षा पुष्कळ जुने आहे. अकराव्या शतकात इटलीतल्या आरेत्सो इथल्या कॅथेड्रलमध्ये ग्विदो नावाचा साधू गाणाऱ्या मुलांना शिकवत असे. तोवर स्तोत्रे शिकायची म्हणजे वर्षानुवर्षे शिकवणाऱ्याच्या तोंडून ऐकून घोकायची. ग्विदोने असे एक स्तोत्र घेतले, की ज्याची प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा एक स्वर वरून सुरू होते. त्या ओळींची पहिली अक्षरे त्याने स्वरांना दिली : उत, रे, मी, फा, सोल, ला. ती चाल एकदा कानात बसली की अनोळखी स्वर जोखायला मुलांकडे स्वतःचे माप तयार असे. रेघांवर स्वर मांडायची पद्धतही त्यानेच पक्की केली, आणि जे दहा वर्षांत साधत नव्हते ते आता एका-दोन वर्षांत साधते, असे एका पत्रात लिहून ठेवले. कान आणि कागद दोन्ही एकाच माणसाच्या हातून आले. त्यांच्यात भांडण लावले ते पुढच्यांनी.

मधली काही शतके चटकन ओलांडता येतात. युरोपात गाणे शाळेत होते ते प्रार्थनेसाठी. मार्टिन ल्यूथरचा शिक्षकाला गाता आलेच पाहिजे असा आग्रह होता, आणि जर्मन खेड्यांत शाळामास्तर आणि चर्चमधला ऑर्गनवादक हा बहुधा एकच माणूस असे. रविवारची सोय व्हावी म्हणून सोमवार ते शनिवार शिकवायचे, असा तो सरळ हिशेब होता.

हिशेब बदलला तो स्वित्झर्लंडमध्ये. शिक्षणतज्ज्ञ योहान हाइनरिख पेस्टालोझी स्वतः संगीतकार नव्हता, पण आधी वस्तूचा अनुभव आणि मग तिचे नाव, आधी ध्वनी आणि मग चिन्ह, हे त्याचे सूत्र गाण्याला चपखल बसत होते. मूल बोलायला शिकते तेव्हा त्याच्या हातात कोणी पाटी देत नाही, मग गाताना का द्यावी? झुरिकच्या हान्स गेओर्ग नेगेली याने मिखाएल फायफरबरोबर १८१० मध्ये या तत्त्वावर गायन शिकवण्याचा जाडजूड ग्रंथ काढला. लय वेगळी, स्वर वेगळे, आवाजाचा लहान-मोठेपणा वेगळा, असे सगळे सुटे करून पायरीपायरीने शिकवायचे. तत्त्व उत्तम, पण पायऱ्या इतक्या झाल्या की प्रत्यक्ष गाणे फार उशिरा येई. ‘आधी ध्वनी’ म्हणणाऱ्या पंथाचे पहिले मोठे पुस्तक मुलांना कोरड्या सरावात अडकवून ठेवत होते. पद्धतींच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा घडलेले दिसते.

अमेरिकेत ही कल्पना लोवेल मेसनने नेली. चर्चमधले गाणे सुधारावे, ही त्याची मूळ तळमळ. १८३३ मध्ये बॉस्टन अकॅडमी ऑफ म्युझिक सुरू झाली आणि मुलांचे वर्ग भरू लागले, पण नगराच्या शाळा समितीला पटवणे सोपे नव्हते. गाण्याने बुद्धीला, नीतीला आणि शरीराला काही फायदा होतो का, असे तीन निकष समितीपुढे आले आणि तिन्हींत गाणे उत्तीर्ण ठरवले गेले. गाणे हे गाणे म्हणून चांगले आहे का, हा चौथा प्रश्न कोणी विचारलाच नाही. मेसनने १८३७-३८ मध्ये दक्षिण बॉस्टनच्या हॉज शाळेत वर्षभर विनामूल्य शिकवून दाखवले, आणि ऑगस्ट १८३८ मध्ये समितीने गायन हा नियमित विषय म्हणून मान्य केला. वाचन-गणिताच्या बरोबरीने, सरकारी पैशाने, शाळेच्या वेळेत शिकवायचा विषय, हे संगीताचे आजचे रूप अमेरिकेत त्या ठरावातून सुरू होते.

त्याच सुमारास इंग्लंडमध्ये दोन पद्धतींची चुरस लागली होती. ती जरा सविस्तर पाहण्यासारखी आहे. पॅरिसमध्ये गियोम विल्हेम याने मोठ्या वर्गांसाठी एक पद्धत बसवली होती. त्यात हुशार मुले इतरांना शिकवत, त्यामुळे एकाच शिक्षकाच्या देखरेखीखाली मोठा समुदाय गाऊ शके. जॉन हुल्लाने ती इंग्लंडमध्ये आणली आणि १८४१ मध्ये लंडनच्या एक्झेटर हॉलमध्ये शाळाशिक्षकांसाठी वर्ग काढले. वर्गांना तुडुंब गर्दी होई आणि सरकारचा पाठिंबाही होता. अडचण एकच, पण मुळावरची. या पद्धतीत ‘डो’ म्हणजे पियानोवरची एक ठरावीक पट्टी. पहिले धडे त्या पट्टीत असत तोवर सगळे सुरळीत चाले. गाण्याची पट्टी बदलली की स्वरांची नावे तीच राहत आणि त्यांची एकमेकांशी असलेली नाती बदलत. कालपर्यंत गाणारा वर्ग गोंधळून जाई.

आपल्याकडच्या वाचकाला हा घोटाळा लगेच कळेल. आपला षड्ज कुठेही धरता येतो. गायक काळी एकमध्ये गावो वा काळी पाचमध्ये, सा हा साच. नॉर्विचच्या सारा ग्लोव्हर यांनी रविवारच्या शाळेतल्या मुलांसाठी नेमका असा चल ‘डो’ वापरला, स्वरांना साधी अक्षरे दिली आणि १८३५ मध्ये आपली पद्धत छापली. १८४१ मध्ये हल इथल्या शिक्षकांच्या परिषदेने जॉन कर्वेन या तरुण धर्मोपदेशकावर गाणे शिकवायची सोपी रीत शोधण्याचे काम सोपवले. कर्वेनचे स्वतःचे संगीतशिक्षण बेताचे होते, आणि माझ्या मते तेच त्याच्या कामी आले. न येणाऱ्याला काय अवघड जाते, हे त्याला अनुभवाने ठाऊक होते. त्याने ग्लोव्हर यांची रीत उचलली, त्यांना न विचारता तिच्यात फेरफार केले, त्यांची नाराजी ओढवून घेतली, आणि ‘टॉनिक सोल-फा’ देशभर पोचवले. प्रत्येक स्वरासाठी हाताची खूण ही जोड त्याने १८७० च्या सुमारास दिली. शिक्षक हात हलवतो आणि वर्ग तो स्वर लावतो : मध्ये ना पुस्तक, ना वाद्य.

आता अनुदानाकडे. १८६२ पासून इंग्लंडमध्ये ‘निकालानुसार पैसे’ ही पद्धत लागू झाली. वाचन, लेखन, अंकगणित यांच्या परीक्षेवर शाळेचे अनुदान ठरू लागले, आणि त्यात गाणे नव्हते. मग व्हायचे तेच झाले : शाळांनी गाणे मागे टाकले. दहा वर्षांनी उपाय आला तोही पैशाचाच. गाणे शिकवले नाही तर दर मुलामागे एक शिलिंग कापायचे. हुल्ला १८७२ मध्ये संगीताचा निरीक्षक झाला. त्याच्यानंतर १८८२ मध्ये जॉन स्टेनर आला आणि त्याच नियमावलीत सहा पेन्स-एक शिलिंग हा फरक शिरला. गंमत अशी, की या कागदधार्जिण्या नियमाचा सर्वांत मोठा लाभ मिळाला तो कर्वेनच्या कानावर उभ्या असलेल्या पद्धतीला, कारण सोल-फाची अक्षरे शिकलेली मुले निरीक्षकासमोर न अडखळता ‘वाचून’ गात.

सोल-फा छापायला साधी अक्षरे पुरत आणि खर्च कमी येई. त्यामुळे मिशनऱ्यांबरोबर ती जगभर गेली. दक्षिण आफ्रिका, मादागास्कर आणि फिजी इथल्या समूहगायनात ती खोल रुजली.

जपानचा मार्ग वेगळा होता. १८७२ च्या शिक्षण कायद्यात प्राथमिक शाळेसाठी गायन लिहिले होते, पण पुढे ‘तूर्त वगळावे’ अशी टीपही होती, कारण शिकवणारेच नव्हते. इसावा शूजी हा तरुण मॅसॅच्युसेट्समध्ये शिक्षक-प्रशिक्षणासाठी गेला. पाश्चात्त्य स्वर लागेनात, तेव्हा त्याने बॉस्टनच्या ल्यूथर व्हायटिंग मेसनकडे शिकवणी लावली. (हा मेसन आणि आधीचा लोवेल मेसन एक नव्हेत.) परतल्यावर १८७९ मध्ये त्याच्या पुढाकाराने सरकारने संगीताचे खास कार्यालय काढले, पुढच्या वर्षी मेसन टोकियोला आला आणि शालेय गीतांची पुस्तके निघू लागली. त्यांत स्कॉटलंडच्या चालींना जपानी शब्द घातलेले होते. त्या चाली तिथे सहज रुळल्या, कारण त्यांतल्या कित्येकांत चौथा आणि सातवा स्वर नाही. आपल्या भूप रागात असतात तेच ते पाच स्वर. तरीही हेतू निव्वळ संगीताचा नव्हता. चारित्र्य आणि राष्ट्रभावना घडवणे हे काम त्या गीतांवर उघडच सोपवले होते.

भारतात शिक्षण गुरुमुखातून चालत आले होते, त्यामुळे वर्गात एकत्र शिकवायचे तर लिहायचे कसे, हा प्रश्न इथेही उभा राहिला. मौलाबक्ष यांनी सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा काढली आणि स्वरलेखनावर पुस्तके लिहिली. १९०१ मध्ये विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले. त्याच वर्षी रवींद्रनाथ ठाकुरांनी शांतिनिकेतनात मुलांची शाळा काढली, आणि तिथे गाणे तासापुरते न राहता दिवसाचा भाग झाले. पहिल्या दोन संस्था संगीत शिकवणाऱ्या होत्या. शाळेतल्या मुलाच्या दृष्टीने तिसरी जास्त महत्त्वाची, असे मला वाटते.

विसाव्या शतकात हे सगळे धागे हंगेरीत एकत्र आले. झोल्तान कोदाय आणि बेला बार्तोक या संगीतकारांनी शतकाच्या सुरुवातीपासून खेड्यापाड्यांत हिंडून लोकगीते जमवली होती. १९२० च्या दशकात कोदायच्या लक्षात आले, की शाळांत आणि शिक्षक-प्रशिक्षणात मुलांच्या तोंडी सुमार गाणी दिली जात आहेत. मोठा संगीतकार लहान मुलांसाठी व्यायाम लिहीत बसणे कमीपणाचे मानले जाई. त्याने आयुष्याची पुढची वर्षे त्याच कामात घातली. ‘हंगेरियन पद्धत’ म्हणून जगभर गेलेल्या या रीतीत चल ‘डो’ आणि हातखुणा कर्वेनकडून आल्या, ‘ता, ती-ती’सारखे लयीचे बोल फ्रान्समधून, आणि गाणी तेवढी अस्सल घरची. सुरुवात होते ‘सो-मी’, म्हणजे प-ग या उतरत्या जोडीने, कारण लहान मुले हाका मारताना आणि खेळताना ती आपोआप गातात. वाचन येते ते गाऊन झाल्यानंतर. १९५० मध्ये कोदायच्या जन्मगावी, केच्केमेत इथे, मार्ता नेमेससेघी यांनी रोज गाण्याचा तास असलेली प्राथमिक शाळा सुरू केली. पुढच्या काळात अशा शंभराहून अधिक शाळा झाल्या. १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय संगीतशिक्षण संस्थेची परिषद बुडापेस्टला भरली तेव्हा परदेशी शिक्षकांनी हे वर्ग पाहिले, आणि मग हंगेरीकडे रीघ लागली.

कानाबरोबर अंगही हवे, हे सांगणारे दोघे. जिनेव्हाच्या संगीतशाळेत हार्मनी शिकवताना एमिल जाक-दालक्रोझला दिसले, की विद्यार्थ्यांची बोटे तयार आहेत पण लय अंगात नाही. त्याने त्यांना चालायला, थांबायला, टाळ्या वाजवायला लावले. म्युनिकमध्ये कार्ल ऑर्फने १९२४ पासून नृत्य आणि संगीत एकत्र शिकवले. १९४८ मध्ये गुनिल्ड केटमनबरोबर बव्हेरियन रेडिओवर मुलांसाठी कार्यक्रम केले आणि १९५० ते १९५४ या काळात पाच भागांचे साहित्य छापले. त्याच्या झायलोफोनच्या पट्ट्या काढता-घालता येतात. ‘फा’ आणि ‘ती’च्या पट्ट्या काढल्या की उरतात पुन्हा तेच भूपाचे पाच स्वर, आणि मग मुलाने कुठेही ठोकले तरी बेसूर होत नाही. चूक होण्याची भीतीच वाद्यातून काढून टाकली. शालेय संगीतात इतकी हुशार युक्ती दुसरी सापडणार नाही.

रेडिओ, ग्रामोफोन आणि दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त झालेला प्लॅस्टिकचा रेकॉर्डर (बासरीसारखे फुंकायचे वाद्य) यांनी वर्गाचा आवाज बदलला, विचार फारसा नाही. १९७० च्या आसपास इंग्लंडमध्ये जॉन पेंटर आणि कॅनडात मरी शेफर या संगीतकारांनी मात्र वेगळाच मुद्दा काढला : मुलांनी दुसऱ्यांचीच गाणी का म्हणावीत, स्वतः नाद जुळवून रचना का करू नये?

गाण्याची उपयुक्तता सिद्ध करण्याची बॉस्टनमधली सवय पुढेही सुटली नाही. १९९३ मध्ये ‘नेचर’मध्ये एक छोटा प्रयोग छापून आला. ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी मोझार्ट ऐकल्यावर आकृत्यांची कोडी थोडा वेळ अधिक चांगली सोडवली, आणि तो परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. प्रयोगात ना लहान मुले होती, ना संगीत शिकणे. तरी १९९८ मध्ये जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरने नवजात बाळांना ध्वनिमुद्रिका देण्यासाठी १,०५,००० डॉलर मागितले.

पुढे २००२ मध्ये अमेरिकेत लागू झालेल्या कायद्याने कलांना गाभ्याचे विषय म्हटले, पण दरवर्षी परीक्षा ठेवली ती वाचन आणि गणिताची. अनेक शाळा मंडळांनी संगीताचे तास कापून या दोन विषयांना दिले. २०१५ च्या कायद्यात ‘सर्वांगीण शिक्षणा’च्या व्याख्येत संगीताचे नाव स्वतंत्रपणे आले. आठवड्यात किती तास, आणि शिकवणार कोण, संगीताचा शिक्षक की वर्गशिक्षक, हे मात्र राज्यांवर आणि स्थानिक मंडळांवर सोडलेले आहे.