‘वाफेची मशीन’ आणि नळीतला औषधाचा ढग

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातील कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात सकाळी जाऊन बसले, तर सर्दीनंतर छातीत शिटी वाजू लागलेली दोन-तीन वर्षांची मुले कडेवर घेऊन आलेल्या आया आणि आज्या हमखास दिसतात. गेल्या हिवाळ्यात शेजारच्या नातवाला घेऊन मीही अशाच एका बाकावर बसलो होतो. डॉक्टरांनी पंप (इनहेलर) आणि त्याला जोडायचा नळीसारखा स्पेसर बाहेर काढताच आजी काकुळतीने म्हणाल्या, “पंपानं काय होते जी डाक्टरसाहेब, पोराले मशीनच लावा, वाफ भेटली का मोकया होते.” मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. आजींच्या या एका वाक्यातील समजुती मी शिकलेल्या पालकांच्या तोंडूनही इतक्या वेळा ऐकल्या आहेत की त्यांविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

पहिली गोष्ट म्हणजे या मशीनमधून, म्हणजे नेब्युलायझरमधून, निघते ती वाफ नव्हे. मशीन दाबाखालची हवा एका बारीक छिद्रातून वेगाने सोडते, तेथे दाब कमी झाल्यामुळे खालचे द्रवरूप औषध वर ओढले जाते आणि हवेच्या झोताने फुटून त्याचे सूक्ष्म थेंब होतात. हे धुके गार असते, कारण येथे काहीच उकळलेले नसते. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलाला धरल्याने आकुंचन पावलेली श्वासनलिका सैल होत नाही, उलट भाजण्याचा धोका मात्र खरा असतो.

मग औषध फुप्फुसात खोलवर पोहोचणार की नाही, हे कशावर ठरते? ते मशीनच्या आवाजावर किंवा किमतीवर नव्हे, तर थेंबाच्या आकारावर आणि वेगावर ठरते, आणि हा भाग मला फार आवडतो. आपल्याकडे तुरीची उफणणी करताना सुपातून माल सोडला की दाणा पायाशी पडतो आणि भुसा वाऱ्याबरोबर लांब जातो. श्वासमार्गातही हवा अशीच निवड करत असते. थेंबाचे वस्तुमान त्याच्या व्यासाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, तर इतक्या बारीक थेंबाला होणारा हवेचा विरोध केवळ व्यासाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून हवेचे न ऐकता सरळ जाण्याची थेंबाची प्रवृत्ती व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 10 मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब 2 मायक्रॉनच्या थेंबापेक्षा या बाबतीत 25 पट हट्टी असतो. तोंडातून आत शिरलेली हवा घशापाशी जवळजवळ काटकोनात खाली वळते. लहान थेंब तिच्यासोबत वळतात, मोठे किंवा वेगवान थेंब जडत्वामुळे सरळ जाऊन घशाच्या मागच्या भिंतीवर आदळतात आणि तेथून गिळले जातात. साधारणपणे 1 ते 5 मायक्रॉनचे थेंब खालच्या श्वासनलिकांपर्यंत पोहोचतात. त्याहून बारीक असलेल्यांपैकी बरेचसे न टेकताच उच्छ्वासाबरोबर परत बाहेर पडतात.

आता पंपाकडे पाहू. असा पंप 1956 साली अमेरिकेत रायकर लॅबोरेटरीजने बाजारात आणला. त्या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेझॉन यांच्या दमा असलेल्या तेरा वर्षांच्या मुलीने, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे हे औषध डब्यात का मिळत नाही, असे विचारले आणि त्या प्रश्नातून ही कल्पना निघाली. डब्यातील प्रणोदक द्रव हवेत येताच उकळतो आणि औषधाला प्रचंड वेगाने बाहेर ढकलतो. हा वेग हीच पंपाची अडचण आहे, कारण थेट तोंडात फवारा मारला तर बहुतेक औषध घशावरच आदळते आणि दोन वर्षांच्या मुलाला फवाऱ्याच्या नेमक्या क्षणी श्वास घेणे जमणेच शक्य नसते. स्पेसर नावाची पोकळ नळी या दोन्ही अडचणी सोडवते. तिच्यात फवाऱ्याचा वेग मरतो, प्रणोदक उडून गेल्यामुळे थेंब आक्रसतात, तरीही मोठे राहिलेले थेंब नळीच्या भिंतीला चिकटतात आणि मागे उरतो तो बारीक थेंबांचा संथ ढग. तोंडाकडची एकदिशा झडप मूल श्वास घेताना उघडते आणि सोडताना मिटते, त्यामुळे पाच-सहा साध्या श्वासांत मूल तो ढग आपल्या गतीने आत घेते.

नेब्युलायझरच्या कपात सहसा 2.5 मिलिग्रॅम साल्ब्युटामॉल हे श्वासनलिका सैल करणारे औषध घालतात, तर पंपाच्या एका फवाऱ्यात ते 100 मायक्रोग्रॅम, म्हणजे त्याच्या पंचविसाव्या भागाइतके असते. हा आकडा ऐकून मशीन जास्त ताकदीची वाटते, परंतु मशीनचे बरेचसे औषध कपातच उरते आणि मूल श्वास सोडत असताना हवेत वाया जाते. वैद्यकीय चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात दम्याचा त्रास वाढलेल्या मुलांच्या अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा स्पेसर मशीनपेक्षा कमी ठरला नाही. उलट स्पेसर वापरलेल्या मुलांची नाडी कमी वाढली आणि तातडीच्या विभागातून त्यांची सुटका लवकर झाली. रात्री वीज गेली तरी स्पेसर चालतो, ही बाब आपल्या गावांत लहान नाही.

केप टाउनमध्ये हीदर झार आणि सहकाऱ्यांनी 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तर 500 मिलिलिटरच्या साध्या प्लास्टिक बाटलीला छिद्र पाडून, पंप बसवून, फट नीट बंद करून केलेला स्पेसर बाजारातल्या स्पेसरच्या बरोबरीने उपयोगी पडला. पिण्याच्या साध्या कपाचा तसा उपयोग करून पाहिला, तो मात्र सर्वांत कमी प्रभावी ठरला.

चार वर्षांखालील मुलाला मास्क लागतो आणि तो चेहऱ्याला घट्ट बसला पाहिजे, कारण थोडी फटसुद्धा औषध पळवते. रडणारे मूल खोल श्वास घेते म्हणून औषध जास्त जाते, हा समज चुकीचा आहे. रडताना श्वास सोडणे लांबते, आत घेणे झटक्याचे होते आणि थेंब पुन्हा घशावरच आदळतात. एका वेळी एकच फवारा, प्रत्येकापूर्वी डबी हलवणे, हाच क्रम ठेवावा. भुकटीच्या रूपातले औषध देणारी यंत्रे मात्र जोरात ओढावी लागतात, म्हणून ती या वयासाठी नाहीत.

मृग नक्षत्र लागले की दम्यासाठी हैदराबादला जिवंत मासा गिळायला आपल्या भागातूनही लोक जातात. गिळलेली वस्तू अन्ननलिकेतून जठरात जाते, श्वासनलिकेत नव्हे, हे आम्ही शाळेत शिकवतो. साल्ब्युटामॉलचे सिरपसुद्धा म्हणूनच उशिरा लागू पडते आणि हातपाय जास्त थरथरवते. मेळघाटात तान्ह्या बाळाला तापल्या लोखंडाचा ‘डंबा’ म्हणजे चटका देणे तर निव्वळ छळ आहे आणि तो थांबलाच पाहिजे. चुलीत पऱ्हाटी (कापसाची वाळलेली झाडे) जळत असेल तेव्हा मुलाला धुरापासून लांब ठेवणे याहून कितीतरी उपयोगी आहे.

मशीन निरुपयोगी आहे, असे मला म्हणायचे नाही. मुलाच्या बरगड्यांखालची कातडी आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील, दूध-पाणी घेता येत नसेल, तर ऑक्सिजनची सोय असलेल्या रुग्णालयात ताबडतोब गेले पाहिजे आणि तेथे ऑक्सिजनवर चालवलेला नेब्युलायझर योग्यच ठरतो. वर्षाच्या आतील बाळाची घरघर बहुधा विषाणूमुळे होते आणि तिच्यावर यांपैकी कोणत्याही साधनातून दिलेल्या साल्ब्युटामॉलचा सहसा फायदा होत नाही.

त्या दिवशी डॉक्टरांनी नातवाला मांडीवर बसवून दोन फवारे दिले आणि श्वास मोजायला आजींनाच लावले. मग स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून दाखवला. आजींचा हात सवयीने पदराकडे गेला, तेव्हा डॉक्टरांनी तो थांबवला. प्लास्टिक पुसले की त्यावर स्थिर विद्युतभार येतो आणि औषधाचे बारीक थेंब भिंतीकडे ओढले जातात. साबणाचा पातळ थर तसाच वाळू दिला तर तो भार टिकत नाही. चौथ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा स्पेसर ओट्यावर सुपाशेजारी तोंड खाली करून वाळत होता, न पुसलेला.