गाणं डॉलीचं, रेकॉर्डिंग व्हिटनीचं

व्हिटनी ह्यूस्टनचं ‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ कुणाला ठाऊक नाही? १९९२ चा ‘द बॉडीगार्ड’ सिनेमा, सुरुवातीला साथीशिवाय एकटा आवाज, मग सॅक्सोफोन, ड्रमचा तो एक दणका आणि ‘ए’वरून ‘बी’वर चढलेली पट्टी. डॉली पार्टनचं मूळ गाणं १९७४ चं, ‘कंट्री’ या अमेरिकन ग्रामीण ढंगाच्या संगीतातलं. सहगायक पोर्टर वॅगनरची साथ सोडताना त्याचा निरोप घ्यायला तिने ते लिहिलं. पट्टी पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच, आणि तिसरं कडवं ती गात नाही, बोलते. ते बोललेलं कडवं व्हिटनीच्या सगळ्या हरकतींना पुरून उरतं असं माझं ठाम मत. पण तो आवडीचा भाग झाला.

खरा घोळ हक्कांचा. ‘व्हिटनीने गाणं डॉलीकडून विकत घेतलं’ असं अजूनही बिनदिक्कत सांगितलं जातं. साफ चूक. एका गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात. शब्द आणि चाल, म्हणजे रचना, ही एक, ती डॉलीची. स्टुडिओत मुद्रित झालेला आवाज ही दुसरी. व्हिटनीच्या बाबतीत ती रेकॉर्ड कंपनीची. कव्हर केलं, म्हणजे तेच गाणं दुसऱ्या कुणी नव्याने रेकॉर्ड केलं, की दुसरी मालमत्ता नवी तयार होते, पहिलीला धक्काही लागत नाही. डॉलीने स्वतःच १९८२ मध्ये एका सिनेमासाठी हे गाणं पुन्हा रेकॉर्ड केलं. रचना एक, रेकॉर्डिंग दोन, आणि दोन्ही बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मासिकाच्या कंट्री गाण्यांच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर. त्यामुळे ‘डॉलीचं ओरिजिनल’ म्हणून कुणी १९८२ चं चिकटवलं की डोकं फिरतं.

आता पैसे. अमेरिकेत गाणं एकदा बाजारात आलं की त्याचं कव्हर करायला मालकाची परवानगी लागत नाही. चालीचा गाभा तसाच ठेवायचा आणि कायद्याने ठरवलेला दर प्रत्येक प्रतीमागे भरायचा. १९७४ मध्ये तो २ सेंट होता, १९९२ मध्ये सव्वासहा. सिनेमात वापरायचं तर ही सवलत नाही, तिथे रचनेच्या मालकाशी बोलणी करावीच लागतात. रेडिओचा कारभार तर अजबच: तिथली एएम-एफएम स्टेशनं फक्त रचनेचे पैसे देतात, गाणाऱ्याला छदामही नाही. म्हणजे आवाज व्हिटनीचा वाजतो आणि चेक डॉलीकडे जातो.

एवढं कळलं की गायक एल्व्हिस प्रेस्लीचा किस्साही नीट लागतो. ‘डॉलीने एल्व्हिसला गाऊ दिलं नाही’ हे अर्धवट आहे. त्याचा मॅनेजर कर्नल टॉम पार्कर याने प्रकाशनहक्कांतला, म्हणजे रचनेच्या कमाईतला, अर्धा वाटा मागितला होता. ती नाही म्हणाली ती वाट्याला, गाण्याला नव्हे. तेव्हा हो म्हटली असती, तर व्हिटनीच्या रेकॉर्डवरच्या प्रकाशनाच्या कमाईतला निम्मा हिस्सा तिकडे गेला असता.

हे सगळे नियम अमेरिकेचे. ते वाचून इथे कव्हर काढायला बसू नका. आपल्या कायद्यात मालकाची संमती नसेल तर पहिलं रेकॉर्डिंग झालं ते वर्ष संपल्यावर पाच वर्षं थांबावं लागतं. शिवाय आधी नोटीस द्यायची आणि रॉयल्टी आगाऊ भरायची, तीही साधारणपणे किमान ५०,००० प्रतींची.