दीर्घझूम कॅमेरा : निवड आणि वापर (सोलापूर परिसर)

दीर्घझूम कॅमेरा म्हणजे लेन्स बॉडीला कायमची जोडलेली असलेला आणि त्या एकाच लेन्समधून समोरच्या रुंद दृश्यापासून फार दूरच्या वस्तूपर्यंत चौकट जुळवून देणारा डिजिटल कॅमेरा. बाजारात त्याला ‘सुपरझूम’ किंवा ‘ब्रिज कॅमेरा’ म्हणतात. लेन्स बदलाव्या लागत नाहीत, अनेक लेन्सचे ओझे वाहावे लागत नाही आणि घरच्या कार्यक्रमापासून माळरानावरच्या पक्ष्यापर्यंत सारे एकाच यंत्राने टिपता येते, ही या प्रकाराची खरी ताकद आहे. त्याची निवड मात्र बहुतेक वेळा झूमच्या आकड्यावरून केली जाते, आणि तिथेच ती चुकते. किती लांबचे दिसेल, याआधी ते कोणत्या उजेडात टिपायचे आहे, हा प्रश्न विचारावा लागतो.

या कॅमेऱ्यांची वाढ वेगाने झाली. २००० मधील ऑलिम्पस सी-२१०० मध्ये १० पट झूम आणि हाताची थरथर भरून काढणारी स्थिरीकरणाची सोय होती. पॅनासॉनिकच्या २००२ मधील एफझेड१ ने झूम १२ पटींवर नेला. कॅननच्या एसएक्स५० एचएसने २०१२ मध्ये ५० पट, निकॉनच्या पी९०० ने २०१५ मध्ये ८३ पट आणि पी१००० ने २०१८ मध्ये १२५ पट झूम गाठला. त्याच काळात मोबाइलच्या कॅमेऱ्याने साध्या छोट्या कॅमेऱ्यांची बाजारपेठ जवळजवळ संपवली; दीर्घझूम कॅमेरे मात्र मोबाइलला न जमणाऱ्या लांब पल्ल्याच्या बळावर टिकून राहिले.

झूमची ‘पट’ ही संख्या म्हणजे लेन्सच्या सर्वांत लांब फोकल लेंथला सर्वांत आखूड फोकल लेंथने भागून येणारा भागाकार असतो. फोकल लेंथ हे लेन्सचा पल्ला सांगणारे मिलिमीटरमधील माप; ती जितकी लांब, तितकी दूरची वस्तू मोठी दिसते. २४ मिमीपासून सुरू होणारा ३० पट झूम ७२० मिमीपर्यंत जातो, तर २८ मिमीपासून सुरू होणारा ३० पट झूम ८४० मिमीपर्यंत. म्हणून पटींऐवजी दोन्ही टोकांचे, ३५ मिमी फिल्मशी समतुल्य असे, मिलिमीटरमधील आकडे पाहावेत. १०० मीटर अंतरावर ६०० मिमीची चौकट सुमारे ६ मीटर रुंद भाग टिपते आणि २००० मिमीची चौकट जेमतेम पावणेदोन मीटर. डिजिटल झूमचा आकडा हिशेबात धरूच नये. त्यात टिपलेल्या चित्राचा मधला भाग कापून मोठा केला जातो आणि तपशिलात काहीच भर पडत नाही.

इतका लांब पल्ला एवढ्या लहान यंत्रात मावतो तो सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपून चित्र बनवणारी चिप, लहान असल्यामुळे. बहुतेक दीर्घझूम कॅमेऱ्यांत १/२.३ इंची प्रकाराचा, म्हणजे सुमारे ६.२ बाय ४.६ मिमीचा सेन्सर असतो. ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर १३.२ बाय ८.८ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळाने चौपट असतो, आणि फुल-फ्रेम, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढा, सेन्सर लहान सेन्सरच्या सुमारे ३० पट. लहान सेन्सरवर एकूण प्रकाश कमी पडतो आणि त्यामुळे संध्याकाळी किंवा घरात चित्रावर रवाळ दाणे उमटतात. अनेक मोबाइलचा मुख्य सेन्सर आज १/२.३ इंचीपेक्षा मोठा असतो, त्यामुळे जवळच्या आणि मंद उजेडातल्या चित्रांत मोबाइल सरस ठरू शकतो, हे खरेदीपूर्वी मान्य केलेले बरे. दुसरी मर्यादा प्रकाशाच्या विवर्तनाची, म्हणजे छिद्रातून जाताना त्याच्या पसरण्याची आहे. पी१००० ची लेन्स लांब टोकाला एफ/८ इतकीच उघडते (हा एफ-क्रमांक जितका मोठा, तितके छिद्र लहान). तेवढ्या छिद्रातून येणारा प्रकाशाचा प्रत्येक ठिपका सेन्सरवर सुमारे १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पसरतो, आणि तिथला एकेक पिक्सेल मात्र सव्वा ते दीड मायक्रॉनचाच असतो. परिणामी १६ मेगापिक्सेल लिहिलेले असले, तरी टोकाच्या झूमला तेवढा तपशील हाती लागत नाही.

दोन कॅमेऱ्यांची तुलना करताना एक हिशेब फार उपयोगी पडतो : लांब टोकाच्या प्रत्यक्ष (समतुल्य नव्हे) फोकल लेंथला एफ-क्रमांकाने भागावे, म्हणजे प्रकाश घेणाऱ्या छिद्राचा व्यास मिळतो. पॅनासॉनिक एफझेड३०० आणि सोनी आरएक्स१० मार्क ४ हे दोन्ही ६०० मिमी समतुल्यापर्यंत जातात, पहिला एफ/२.८ आणि दुसरा एफ/४. नुसता एफ-क्रमांक पाहिला तर पहिला उजवा वाटतो. पण त्यांचे व्यास अनुक्रमे सुमारे ३९ आणि ५५ मिमी येतात, म्हणजे छिद्राचे क्षेत्रफळ दुप्पट असल्याने त्याच दृश्यातून सोनी दुप्पट प्रकाश गोळा करतो. जाहिरातीत चंद्राचे मोठे चित्र दाखवतात, त्यालाही याच नजरेने पाहावे. चंद्र रात्री दिसत असला, तरी तो थेट सूर्याच्या उजेडात असतो. त्याच्या चित्रावरून झूमचा पल्ला कळतो, अंधारातली क्षमता कळत नाही.

सोलापूरचे ऊन या कॅमेऱ्यांना मानवते. वर्षातले बरेच महिने आकाश निरभ्र असते, आणि सकाळच्या स्वच्छ उन्हात लहान सेन्सरही समाधानकारक चित्र देतो. शहरापासून जवळ असलेले नान्नज येथील माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ मध्ये स्थापन झाले. ज्याच्यासाठी ते राखले गेले त्या माळढोकचे दर्शन आता अत्यंत दुर्मीळ झाले आहे, ही या माळरानाची मोठी हानी आहे. काळवीट, चंडोल आणि हिवाळ्यात येणारे भोवत्ये (शिकारी पक्षी) मात्र तिथे दिसतात. उघड्या माळावर आडोसा नसल्याने प्राणी माणसाला लांबूनच हेरतो आणि अंतर राखतो. अशा ठिकाणी १००० ते २००० मिमीचा पल्ला खरोखर कामी येतो, आणि प्राण्याला न हुसकावता टिपता येते, हा त्याचा नैतिक फायदाही आहे. वनविभागाची परवानगी आणि ठरवून दिलेली वाट यांचे बंधन झूम लांब असला तरी सुटत नाही. घरटी आणि पिल्ले यांच्यापासून दूरच राहावे.

माळावरचा खरा अडथळा उजेडाचा नसून तापलेल्या हवेचा असतो. ऊन चढले की जमीन तापते, तिच्यालगतच्या हवेचे कमी-अधिक उष्ण थर हलू लागतात आणि त्यांतून येणारे किरण सतत वाकत राहतात. दूरचा काळवीट चौकटीत मोठा दिसतो, पण त्याच्या कडा थरथरतात. याला महागडी लेन्स, ट्रायपॉड किंवा स्थिरीकरण यांपैकी कशाचाही उपाय चालत नाही. मार्चपासून जूनपर्यंत सोलापुरात हा त्रास सकाळी लवकरच सुरू होतो. म्हणून सूर्योदयानंतरचा पहिला तास-दीड तास साधावा, आणि नंतर झूम वाढवण्यापेक्षा विषयच जवळचा निवडावा. हिप्परगा तलावाच्या काठी आणि उजनी धरणाच्या फुगवट्यावर पाणपक्षी टिपतानाही सकाळचीच वेळ उत्तम.

जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास भरणारी श्री सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा ही या कॅमेऱ्याची दुसरी कसोटी आहे. पांढऱ्या बाराबंदीतील (बंद बांधायच्या पारंपरिक अंगरख्यातील) मानकरी आणि उंच सात नंदीध्वज यांची दिवसाची मिरवणूक गर्दीच्या मागे उभे राहूनही टिपता येते. २४ मिमीला सारा जनसमुदाय आणि क्षणात ३०० मिमीला नंदीध्वज पेलणाऱ्याचा चेहरा मिळतो. बहुतेक मोबाइलने हे साधत नाही. रात्रीचे होमप्रदीपन आणि शोभेचे दारूकाम यांच्या वेळी मात्र १/२.३ इंची सेन्सर अपुरा पडतो. दारूकामासाठी ट्रायपॉडवर शटर काही सेकंद उघडे ठेवता येते; हलत्या माणसांना तो इलाज नाही, कारण स्थिरीकरण कॅमेऱ्याची थरथर थांबवते, समोरच्या माणसाची हालचाल थांबवत नाही. पूर्व भागातील यंत्रमाग कारखान्यांच्या आतली चित्रे किंवा मंगल कार्यालयातील विधी हेच ज्याचे मुख्य काम आहे, त्याने एक इंची सेन्सरचाच कॅमेरा घ्यावा, मग झूम ४०० मिमीपर्यंतच असला तरी चालेल. पॅनासॉनिकचा २०१४ मधील एफझेड१००० हा २५ ते ४०० मिमीचा, एफ/२.८ ते ४ चा कॅमेरा याच जातीचा आहे.

आषाढीच्या आधी पंढरपूरजवळ वाखरीला होणारे रिंगण टिपताना फोकसचा वेग निर्णायक ठरतो. ढगाळ हवा, धावता अश्व आणि उसळती गर्दी यांत, लेन्स मागेपुढे सरकवून फोकस शोधणारे अनेक लहान सेन्सरचे कॅमेरे मागे पडतात. आरएक्स१० मार्क ४ मध्ये (२०१७) फोकसची दिशा आणि अंतर थेट मोजणारी ‘फेज डिटेक्शन’ पद्धत आहे, म्हणून तो अशा प्रसंगी वेगळाच भासतो.

रोजच्या वापरात वजन आणि व्ह्यूफाइंडर यांकडे होणारे दुर्लक्ष फार महागात पडते. पी१००० चे वजन सुमारे १.४ किलो आहे, आरएक्स१० मार्क ४ चे सुमारे १.१ किलो, तर ६५ पट झूमच्या कॅनन एसएक्स७० एचएसचे साधारण ६०० ग्रॅम. जड कॅमेरा कपाटात राहतो. सोलापूरच्या दुपारी मागचा पडदा उन्हात धड दिसत नाही, त्यामुळे डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर हवाच. खिशात मावणाऱ्या ४० पट झूमच्या कॅनन एसएक्स७४० एचएसला तो नाही. लांब झूम करताना डोळ्याशी टेकवलेला कॅमेरा हाताने पुढे धरलेल्या कॅमेऱ्यापेक्षा पुष्कळ स्थिर राहतो, हाही त्याचा लाभ आहे. शटरचा वेग शक्यतो फोकल लेंथच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे १००० मिमीला १/१००० सेकंदाच्या आसपास ठेवावा. स्थिरीकरणामुळे यात बरीच सूट मिळते.

धुळीचा विचार इथे वेगळा करावा लागतो. झूम करताना लेन्सची नळी बाहेर येते आणि आत जाते, तेव्हा तिच्याबरोबर हवा आणि धूळही ओढली जाते. लेन्स निघत नसल्याने आत सेन्सरवर बसलेला कण घरी साफ करता येत नाही. एफझेड३०० आणि आरएक्स१० मार्क ४ यांना धूळ व तुषार यांपासून संरक्षण दिलेले आहे, आणि माळरानावर वारंवार जाणाऱ्याने त्याला झूमच्या जादा शंभर मिलिमीटरांपेक्षा जास्त किंमत द्यावी. वाऱ्याच्या दिवशी झूम बंद करूनच कॅमेरा पिशवीत ठेवावा.

यांतील बरीच मॉडेल्स जुनी असल्याने अनेकदा सेकंडहँड कॅमेराच हाती येतो. तो घेताना पांढऱ्या भिंतीचा किंवा आकाशाचा फोटो लांब टोकाला काढून त्यात काळे डाग दिसतात का ते पाहावे. झूम दोन्ही टोकांना अडखळत किंवा घरघरत जात नाही ना, लेन्समध्ये बुरशीची जाळी नाही ना, हे तपासावे, आणि त्या मॉडेलची बॅटरी अजून नवी मिळते का, याची चौकशी पैसे देण्याआधी करावी.