ओल्या ओकचं कोठारघर

इंग्लंडमधल्या जुन्या धान्यकोठारांच्या धर्तीवर आज ओकची जी घरं बांधतात, त्यांचा सांगाडा बहुतेक वेळा ओल्या लाकडाचा असतो. ओलं म्हणजे पावसात भिजलेलं नव्हे, तर झाड पाडल्यावर न सुकवता वापरलेलं. अशा ओकचा एक घनमीटर टनाच्या घरात जातो, सुकलेल्याचा ७०० किलोच्या आसपास. हे लाकूड पुढे आकसणार, पिळणार, तडकणार हे सुताराला आधीच ठाऊक असतं. तरी तो तेच घेतो. सुकलेला ओक छिन्नीला दाद देत नाही, आणि सुकवायचा तर इंचभर जाडीला साधारण वर्ष हा जुना हिशेब. दहा इंची खांबासाठी दहा वर्षं कोण थांबणार?

खरी गंमत सांध्यात आहे. तुळईच्या टोकाला कुसू, म्हणजे पुढे आलेली जीभ, काढतात, ते बसेल अशी खाच खांबात पाडतात आणि दोन्हींना आडवं भोक घेतात. ही भोकं मुद्दामच एकमेकांशी जुळू देत नाहीत. कुसवातलं भोक दोन-तीन मिलिमीटर तुळईच्या अंगाला सरकवलेलं असतं. त्यातून सुकलेल्या ओकची निमुळती खुंटी ठोकली की वाट काढताना ती वाकते आणि तुळईला खांबाकडे ओढून घेते. पुढे लाकूड आकसत गेलं तरी त्या वाकलेल्या खुंटीतला ताण सांधा आवळून धरतो. खुंटी करवतीनं कापण्यापेक्षा लाकडाच्या रेषेत चिरून काढलेली बरी. रेषा मध्येच तुटली तर ती वाकायच्या ऐवजी मोडते. साधे लोखंडी खिळे मात्र इथे नकोत. ओकमधल्या टॅनिनमुळे लोखंड गंजतं आणि लाकडावर निळे-काळे डाग पडतात. धातू लागलाच तर स्टेनलेस स्टील.

तडे पाहून नवे घरमालक हमखास घाबरतात. लाकूड लांबीत जवळजवळ आकसत नाही. वाढीच्या वर्तुळांच्या दिशेनं मात्र ते गाभ्याकडच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आकसतं. परिघ जास्त आखडायला बघतो, त्रिज्या तेवढी साथ देत नाही, म्हणून बाहेरून गाभ्याकडे भेग पडते. ती तंतूंना समांतर जाते, त्यामुळे खांबाची ताकद सहसा फारशी घटत नाही. भेगा पुट्टी भरून बुजवण्याचा उद्योग करू नये, असं माझं मत. लाकूड घाईनं सुकू नये म्हणून पहिल्या हिवाळ्यात हीटर एकदम चढवू नये, हे त्याहून महत्त्वाचं.

सांगाडा असा हलणार असेल, तर भिंत त्यात बसवून चालत नाही. म्हणून उष्णतारोधक थर सांगाड्याच्या बाहेरून गुंडाळतात आणि ओक आत उघडा राहतो. काचाही खांबांच्या खोबणीत न घालता बाहेरच्या अंगानं लावतात, पाणी निथळायला जागा ठेवून.

एसेक्समधल्या क्रेसिंग टेम्पलची दोन कोठारं १३व्या शतकातली आहेत. लंडनच्या पश्चिमेचं हार्मंड्सवर्थचं १४२५ ते १४२७ दरम्यान बांधलेलं, जवळपास ५८ मीटर लांब. अशा कोठारांत बहुधा समोरासमोर मोठी दारं असत. मध्ये मळणी चाले आणि आरपार वाऱ्यावर धान्य उफणलं जाई. आजच्या घरात त्याच जागी उंच काच येते, कारण आता वारा नको, उजेड हवा.

सगळ्यात अडचणीची ठरते ती एका भिंतीच्या माथ्यावरून समोरच्या भिंतीपर्यंत जाणारी आडवी तुळई. छपराच्या वजनानं वासे भिंतींना बाहेर रेटतात आणि ही तुळई त्यांना धरून ठेवते. कोठारात ती कुणाच्या वाटेत येत नव्हती. वरच्या मजल्यावर झोपायची खोली काढली की ती नेमकी छातीशी किंवा कपाळाशी येते. तुळई वर सरकवता येते, पण जितकी वर न्यावी तितका वाशांवर वाकवणारा भार वाढतो आणि भिंती फाकू लागतात. मग वासे जाड करा, खांबांना वाकडे आधार द्या, नाहीतर आढ्यालाच भक्कम तुळई घालून छपराचा भार तिच्यावर घ्या. खोल्यांचा नकाशा पक्का करण्याआधीच हा प्रश्न इंजिनिअरसमोर ठेवावा लागतो.