प्रयोगाच्या शेतातला हिशेब आणि 'आर'ची पॅकेजं

मालव्यातली काळी जमीन लांबून एकसारखी दिसते, पण जिथे प्रयोगाचे वाफे आखायचे असतात तिथे ती दहा पावलांवर बदललेली सापडते. एका कडेला पाणी साचतं, मधल्या पट्ट्यात मुरूम वर आलेला असतो, बांधालगत झाडाची सावली पडते. अशा शेतात सोयाबीनचे आठ वाण लावले आणि त्यातल्या एकाने हेक्टरी दोन क्विंटल जास्त दिलं, तर ते वाणामुळे की त्याच्या वाट्याला चांगली जमीन आली म्हणून?

याचं उत्तर काढायची रीत रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात बसवली. ते तिथे 1919 साली रुजू झाले होते. शेताचे ब्लॉक पाडायचे, प्रत्येक ब्लॉकमध्ये प्रत्येक वाण एकदा लावायचा आणि कोणता वाण कुठल्या वाफ्यात जाईल ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं. पीक निघालं की उत्पादनातल्या एकूण चढउताराची वाटणी करायची: इतका ब्लॉकमुळे, इतका वाणामुळे आणि उरला तो योगायोगाचा. वाणाचा वाटा या उरलेल्या वाट्याच्या मानाने बराच मोठा निघाला, तरच फरक खरा धरायचा. या वाटणीला प्रसरण विश्लेषण म्हणतात. कॉलेजात सगळे 'अनोव्हा' म्हणतात.

ही रीत इंदूरला फार लवकर पोचली. अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 साली इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री उभारली. कंपोस्टची 'इंदूर पद्धत' जगभर गेली ती इथूनच. हॉवर्ड यांचा स्वतःचा छोट्या वाफ्यांच्या प्रयोगांवर भरवसा नव्हता आणि पुढे त्यांनी अशा प्रयोगांवर कडक टीका केली. पण ते इंदूर सोडून गेल्यानंतर, 1930च्या दशकात, याच संस्थेत जोसेफ हचिन्सन आणि विनायक गोविंद पानसे यांनी कापसाच्या प्रयोगात वाफा केवढा असावा, कसा आखावा, याचा आकडेवारीने शोध घेतला. पानसे यांनी नंतर पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांच्याबरोबर लिहिलेलं पाठ्यपुस्तक भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 1954 साली काढलं. देशातल्या कृषी पदवीधरांच्या कित्येक पिढ्या त्याला नुसतं 'पानसे-सुखात्मे' म्हणत आल्या आहेत. दोन मराठी माणसांचं हे काम आणि त्यातल्या एकाची इंदूरची वर्षं आपल्या गावात याहून जास्त ठाऊक असायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

पानसे यांच्या काळी बेरजा, वर्ग, भागाकार हाताने किंवा हँडल फिरवायच्या यंत्रावर होत. आज तोच हिशेब कॉम्प्युटरवर डोळ्याचं पातं लवायच्या आत होतो. तो करून देणारा कोड बहुतेक वेळा एका पॅकेजमध्ये बसलेला असतो, आणि त्या पॅकेजच्या आत काय आहे हे वापरणाऱ्यांपैकी फार थोडे पाहतात.

'आर' ही संगणकभाषा न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला तयार केली. 1995 पासून ती मुक्त परवान्याखाली आहे. म्हणजे फुकट तर आहेच, शिवाय तिचा कोड कोणालाही वाचता आणि बदलता येतो. मूळ 'आर' इन्स्टॉल केलं की सरासरी, आलेख, साधा अनोव्हा एवढं हाताशी येतं. बाकीचं पॅकेजांतून घ्यायचं. पॅकेज म्हणजे एखाद्या कामासाठी लिहिलेली फंक्शन्स, त्यांची मदतपानं, सरावाचा डेटा आणि हे चालायला आणखी कोणती पॅकेजं लागतात त्याची नोंद, असा एक गठ्ठा. हे गठ्ठे एका ठिकाणी ठेवायची सोय 1997 साली व्हिएन्नात कुर्ट हॉर्निक आणि फ्रिट्झ लाइश यांनी केली. त्या भांडाराला 'क्रॅन' म्हणतात. सुरुवातीला तिथे डझनभर पॅकेजं होती, आज वीस हजारांच्या वर आहेत. एसपीएसएससारख्या विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये जादा मॉड्यूलचे पैसे वेगळे मोजावे लागतात. एक्सेलमध्ये अ‍ॅनालिसिस टूलपॅक नावाचं अ‍ॅड-इन येतं, पण ते चालू करावं लागतं आणि एक खाना रिकामा असला की तिथला दुहेरी अनोव्हा अडतो.

क्रॅनवर पॅकेज चढवण्याआधी तपासणी होते आणि नंतरही होत राहते. पॅकेज इन्स्टॉल होतं का, त्यातली उदाहरणं न अडखळता चालतात का, प्रत्येक फंक्शनला मदतपान आहे का, हे तिथे कसोशीने पाहतात. सूत्र बरोबर आहे का, हे मात्र ती तपासणी सांगत नाही. ती जबाबदारी लिहिणाऱ्याची आणि वापरणाऱ्याची.

शेतीच्या प्रयोगांसाठी सर्रास वापरलं जाणारं पॅकेज म्हणजे 'अ‍ॅग्रिकोले'. ते पेरूतल्या फेलिपे दे मेंडिबुरू यांनी लिहिलं, आणि त्याची मूळ कल्पना त्यांनी लिमाच्या विद्यापीठात एमएस्सीच्या प्रबंधात मांडली होती. वाफ्यांची मांडणी सोडतीने काढून देणं, अनोव्हानंतर कोणता वाण कोणापेक्षा सरस हे अक्षरांच्या खुणांनी दाखवणं, ही कामं ते करतं. बटाट्याच्या मायदेशातल्या एका प्रबंधातून निघालेला कोड आज मालव्यातल्या सोयाबीनचे निकाल लावतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

दुसरं पॅकेज आपल्याकडचं आहे. नव्या वाणाच्या शोधात सुरुवातीला शेकडो ओळी, म्हणजे अजून वाण न ठरलेले उमेदवार, तपासायच्या असतात आणि प्रत्येकीचं बी मूठभर असतं. त्या एकेकदाच लावता येतात. म्हणून दोन-चार प्रस्थापित वाण प्रत्येक ब्लॉकमध्ये पुन्हा पुन्हा लावतात आणि त्यांच्या आधाराने बाकीच्यांचं उत्पादन दुरुस्त करून घेतात. ही रचना वॉल्टर फेडरर यांनी 1956 साली मांडली. तिचा हिशेब करणारं 'ऑगमेंटेड आरसीबीडी' हे पॅकेज दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोतल्या शास्त्रज्ञांनी लिहून सर्वांना खुलं केलं आहे. तिसऱ्याचं नाव 'अ‍ॅग्रिडॅट'. त्यात हिशेब नाही, जुन्या पुस्तकांतून आणि शोधनिबंधांतून वेचलेले शेतीप्रयोगांचे आकडे आहेत. त्यात पानसे यांच्या नावाने नोंदलेला कापसाचा संचही आहे. शिकणाऱ्याने हात बसवायला तिथून सुरुवात करावी.

आता एक प्रसंग. एमएस्सी करणारी एक मुलगी लोकमान्यनगरात आमच्या घरी लॅपटॉप घेऊन आली होती. आठ वाण, तीन ब्लॉक, चोवीस वाफे.

"मॅडम, गाइड सरांनी कागदावर काढलेल्या तक्त्यात आणि माझ्या तक्त्यात एरर जुळत नाहीये. डेटा तर तोच आहे."

एरर म्हणजे तोच उरलेला, योगायोगाचा वाटा. मी तिला आधी डीएफचा रकाना वाचायला सांगितला. डीएफ म्हणजे एकमेकांवर अवलंबून नसलेल्या तुलना किती, याचा आकडा. चोवीस वाफ्यांचे एकूण 23. त्यातले आठ वाणांचे 7, तीन ब्लॉकचे 2, म्हणजे एररला उरले 14. तिच्या स्क्रीनवर ब्लॉकसमोर 1 होता आणि एररसमोर 15.

"ब्लॉक तीन आहेत ना गं? मग एक कसा?"

तिने फाइलमध्ये ब्लॉकच्या रकान्यात 1, 2, 3 लिहिलं होतं. आपल्या लेखी ती नावं आहेत. तिथे अ, ब, क लिहिलं असतं तरी चाललं असतं. 'आर'ने ते आकडे म्हणून वाचले आणि पहिल्या ब्लॉकपासून तिसऱ्यापर्यंत उत्पादन सरळ रेषेत चढतं किंवा उतरतं, असं गृहीत धरून हिशेब केला. सरळ रेषेला एकच डीएफ लागतो. त्या रकान्याला 'फॅक्टर' करून घेतलं, म्हणजे ही नावं आहेत असं सॉफ्टवेअरला सांगितलं, की 2 आणि 14 जागेवर येतात. चुकीच्या तक्त्यात कुठलीही लाल सूचना येत नाही, आणि म्हणूनच ही चूक प्रबंधांत टिकून राहते. डीएफ हाताने काढायला अर्धं मिनिट लागतं. पानसे-सुखात्मे वाचलेला माणूस ते आधी काढतो आणि मग स्क्रीनकडे बघतो.

याहून नाजूक गोष्ट रिकाम्या वाफ्यांची. श्रावणात झड लागली, सखल कडेचे दोन वाफे पाण्याखाली गेले, तिथलं पीक हातचं गेलं. चोवीसही वाफे शाबूत असतात तेव्हा ब्लॉकचा वाटा आणि वाणाचा वाटा एकमेकांत मिसळत नाहीत. दोन वाफे गेले की ते थोडे मिसळतात, कारण काही वाण आता एखाद्या ब्लॉकमध्ये नाहीतच. मग मिसळलेला भाग कोणाच्या खात्यावर टाकायचा? मूळ 'आर'चा अनोव्हा तो सूत्रात आधी लिहिलेल्याला देतो. 'ब्लॉक अधिक वाण' लिहिलं तर वाणाचा एक आकडा येतो, 'वाण अधिक ब्लॉक' लिहिलं तर दुसरा. दोन्ही हिशेब गणिताने बरोबर आहेत, त्यांनी उत्तरं दिली आहेत ती वेगवेगळ्या प्रश्नांची. ब्लॉकचा परिणाम बाजूला काढल्यावर वाणांत फरक उरतो का, हा शेतकऱ्याच्या कामाचा प्रश्न असेल, तर ब्लॉक आधी लिहायचा. किंवा कॅनडातल्या जॉन फॉक्स यांच्या 'कार' या पॅकेजमधला अनोव्हा घ्यायचा, तो सूत्रातल्या क्रमावर अवलंबून राहत नाही. एसएएस हे विकतचं सॉफ्टवेअर आपणहून वेगळ्या प्रकारची वाटणी दाखवतं. म्हणूनच एकाच फाइलवर दोन सहकाऱ्यांची उत्तरं वेगळी येतात आणि दोघंही आपापल्या जागी हटून बसतात.

पॅकेजमध्ये सूत्रांबरोबर लिहिणाऱ्याचे निर्णयही बसलेले असतात, हे सगळ्यात सोप्या उदाहरणात दिसतं. चार वाफ्यांचं हेक्टरी उत्पादन 18, 20, 22 आणि 24 क्विंटल धरा. सरासरी 21, फरकांच्या वर्गांची बेरीज 20. 'आर' या बेरजेला 3 ने भागतं आणि प्रमाण विचलन 2.58 सांगतं. पायथन या दुसऱ्या संगणकभाषेतलं 'नम्पाय' हे पॅकेज आपणहून 4 ने भागतं आणि 2.24 सांगतं. त्याच पायथनमधलं 'पांडास' पुन्हा 3 ने भागतं. हातातले चार वाफे मोठ्या शेताचा नमुना असतील तर एकाने कमी संख्येने भागणं योग्य, ते चार हेच सगळं जग असेल तर पूर्ण संख्येने. तुमचे चार वाफे यातले कोणते, हे पॅकेजला कळायचा मार्ग नाही.

कधी कधी लिहिणारा आकडा द्यायलाच नकार देतो. एकच प्रयोग इंदूर, जबलपूर, अमरावती अशा ठिकाणी सलग काही वर्षं झाला असेल तर त्याचं विश्लेषण बहुधा 'एलएमई-फोर' या पॅकेजने करतात. त्याच्या तक्त्यात पी-मूल्याचा रकाना नाही. पी-मूल्य म्हणजे खरा फरक नसतानाही नुसत्या योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता. त्याचे एक कर्ते डग्लस बेट्स यांनी तो जाणूनबुजून ठेवला नाही. अशा प्रारूपांत तुलनेसाठी कोणते डीएफ घ्यायचे याचं एकच निश्चित उत्तर नसतं, अशी त्यांची भूमिका होती. नंतर डेन्मार्कमधल्या संशोधकांनी 'एलएमईआर-टेस्ट' हे वेगळं पॅकेज लिहून अंदाजी डीएफ वापरून पी-मूल्य देण्याची सोय केली. निबंध छापायचा म्हणून बहुतेक जण दुसरं पॅकेज लावून मोकळे होतात. मला बेट्स यांचा हट्ट आवडतो. जिथे उत्तर डळमळीत आहे तिथे तीन दशांश स्थळांचा आकडा देणं त्यांना पटलं नाही.

पॅकेजं बदलतात आणि निवृत्तही होतात. नकाशांच्या कामाला वर्षानुवर्षं वापरलेली 'आरजीडॅल', 'आरजिऑस' आणि 'मॅपटूल्स' ही तीन पॅकेजं ऑक्टोबर 2023 मध्ये क्रॅनवरून काढून संग्रहात टाकली गेली. बरीच आधी सूचना देऊन हे झालं, पण ज्यांचा जुना कोड त्यांच्यावर उभा होता त्यांना तो नव्याने लिहावा लागला. खुद्द 'आर'चंही तसंच. वाफ्यांची सोडत काढताना आपण एक 'सीड' देतो, म्हणजे एक आकडा, ज्याने तीच सोडत पुन्हा हुबेहूब काढता येते. एप्रिल 2019 मध्ये आलेल्या 3.6.0 आवृत्तीत सोडत काढायची आतली रीत बदलली, कारण फार मोठ्या संचांत जुनी रीत सगळ्यांना अगदी समान संधी देत नव्हती. सुधारणा योग्यच होती. पण त्याआधी आखलेल्या प्रयोगाचा सीड नव्या आवृत्तीत दिला तर मूळच्याऐवजी वेगळीच मांडणी निघू शकते. जुनी रीत मागून घेता येते, मात्र प्रयोग कोणत्या आवृत्तीवर आखला होता ते कुठेतरी लिहिलेलं हवं.

प्रबंधांत मात्र बहुतेक वेळा एकच ओळ असते: विश्लेषण 'आर' सॉफ्टवेअरने केलं. कोणतं पॅकेज, कोणती आवृत्ती, काही नाही. खरं तर 'सेशन-इन्फो' ही आज्ञा दिली की सगळ्या आवृत्त्या एका दमात छापून येतात आणि 'सायटेशन' म्हटलं की पॅकेज लिहिणाऱ्यांची नावं संदर्भाच्या रूपात मिळतात. ही माणसं बहुतेक करून बिनपगारी, स्वतःच्या संशोधनातून वेळ काढून हा कोड सांभाळतात. विद्यापीठात त्यांना त्याचं श्रेय मिळतं ते अशा संदर्भांतूनच. आमच्या त्या मुलीने दोन्ही आज्ञांचा निकाल प्रबंधाच्या परिशिष्टात घातला, आणि वाफ्यांच्या नकाशाखाली सीडचा आकडा लिहिला.