सायकलनंतर धावायचे आहे: ट्रायथलॉनच्या साहित्यामागचे विज्ञान

ऑलिंपिक अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये १.५ किलोमीटर पोहणे, ४० किलोमीटर सायकल चालवणे आणि १० किलोमीटर धावणे हे तीन टप्पे सलग पूर्ण करायचे असतात आणि मध्ये घड्याळ थांबत नाही. हौशी स्पर्धकाचा यातला जवळजवळ निम्मा वेळ सायकलवर जातो, त्यामुळे साहित्यावरचा खर्चही सर्वाधिक तिथेच होतो. मात्र नुसत्या सायकल शर्यतीत आणि ट्रायथलॉनमध्ये एक मूलभूत फरक आहे. येथे सायकल ठेवली तरी शर्यत संपलेली नसते. त्याच पायांनी पुढे धावायचे असते. म्हणून प्रत्येक वस्तू घेताना तिने किती वेळ वाचेल याबरोबरच ती धावण्यासाठी पायांत किती बळ शिल्लक ठेवेल, हेही पाहावे लागते.

सपाट रस्त्यावर सायकलस्वाराची बहुतांश शक्ती हवा बाजूला सारण्यात खर्च होते. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दहा टक्क्यांनी वाढवायचा असेल, तर हवेसाठीची शक्ती सुमारे तेहतीस टक्क्यांनी वाढवावी लागते. या रोधात सायकलचा वाटा लहान असतो; साधारण तीन चतुर्थांश रोध स्वाराच्या शरीरामुळे निर्माण होतो. म्हणूनच सर्वांत मोठा फायदा महागड्या फ्रेममध्ये नसून बसण्याच्या पद्धतीत आहे.

एक ढोबळ हिशेब करून पाहू. स्वार, सायकल आणि सामान मिळून वजन ८० किलो, रस्ता सपाट, वारा नाही आणि स्वार सातत्याने १५० वॅट शक्ती देतो आहे, असे मानू. साध्या हँडलबारवर हात ठेवून बसल्यास त्याचा वेग ताशी सुमारे २९.५ किलोमीटर राहतो आणि ४० किलोमीटरला साधारण ८१ ते ८२ मिनिटे लागतात. तोच स्वार एरोबारवर, म्हणजे हँडलवर पुढच्या बाजूने बसवलेल्या दांड्यांवर, कोपरे टेकवून, खांदे आवळून आणि पाठ खाली घेऊन बसला, तर तेवढ्याच शक्तीत तो ताशी ३१.५ किलोमीटरच्या पुढे जातो आणि सुमारे सहा मिनिटे वाचवतो. याउलट सायकलचे वजन एक किलोने कमी केले, तर याच रस्त्यावर जेमतेम पाच सेकंद वाचतात. पाच टक्क्यांच्या चढावर तेच एक किलो वेगात सुमारे एक टक्क्याचा फरक पाडते, पण सपाट मार्गावरच्या शर्यतीसाठी हलक्या सायकलमागे धावण्यात फारसा अर्थ नाही.

एरोबारचा वापर ट्रायथलॉनपटूंनी आधी केला आणि रस्त्यावरच्या सायकल शर्यतींनी तो त्यांच्याकडून उचलला. १९८९ च्या टूर द फ्रान्स या अनेक दिवसांच्या सायकल शर्यतीत शेवटच्या दिवशी २४.५ किलोमीटरची घड्याळाविरुद्धची, म्हणजे प्रत्येकाने एकट्याने वेळ नोंदवायची, शर्यत होती. अमेरिकेचा ग्रेग लेमाँड हा आघाडीवरच्या लोराँ फिन्याँच्या एकूण वेळेत ५० सेकंद मागे होता. लेमाँडच्या सायकलला एरोबार होते, फिन्याँच्या सायकलला नव्हते. लेमाँडने त्या अंतरात ५८ सेकंदांची आघाडी मिळवली आणि अवघ्या आठ सेकंदांनी टूर जिंकली. या विजयाचे सारे श्रेय त्या दांड्यांना देणे योग्य होणार नाही, पण त्यानंतर त्यांच्या उपयुक्ततेविषयी शंका फारशी उरली नाही.

हौशी ट्रायथलॉनपटूसाठी हा मुद्दा आणखी महत्त्वाचा ठरतो, कारण बहुतेक हौशी शर्यतींत दुसऱ्या स्वाराच्या आडोशाने जाण्यास, म्हणजे ड्राफ्टिंगला, मनाई असते. ऑलिंपिकमधील स्पर्धक गटात राहून एकमेकांच्या मागे सायकल चालवू शकतात. हौशी स्पर्धकाला सगळी हवा स्वतःच कापावी लागते.

पण केवळ पुढे वाकले की काम झाले, असे नाही. साध्या रोड बाइकवर सॅडलचा उभा दांडा जमिनीशी साधारण ७३ अंशांचा कोन करतो. त्यावर बसून पाठ फार खाली घेतली, तर पेडल वर येताना मांडी पोटाकडे दाबली जाते, कमरेजवळचा कोन अरुंद होतो आणि श्वास तसेच पायाचा जोर या दोहोंवर परिणाम होतो. ट्रायथलॉनच्या सायकलवर हा कोन ७६ अंश किंवा त्याहून अधिक ठेवतात. परिणामी संपूर्ण शरीर पेडलच्या मध्याभोवती पुढे वळते, पाठ खाली जाते, तरी कमरेचा कोन मोकळा राहतो. रोड बाइकवर एरोबार बसवणाऱ्यानेही सॅडल थोडे पुढे आणि वर घेणे आवश्यक असते, आणि हा बदल जाणकाराकडून मोजमापे घेऊन करून घ्यावा, असे माझे ठाम मत आहे. जी बैठक तासभर टिकत नाही, तिचा कागदावरचा फायदा रस्त्यावर मिळत नाही. मान अवघडली की स्वार वर उठतो आणि वाचवलेली मिनिटे हवेला परत करतो.

कपड्यांकडे मात्र फार थोडे लोक लक्ष देतात. छातीवर फडफडणारा सैल शर्ट किंवा वाऱ्याने फुगलेले जॅकेट हवेचा प्रवाह विस्कळीत करते आणि शरीरामागचा कमी दाबाचा पट्टा रुंदावते. अंगासरशी बसणारा ट्रायसूट, म्हणजे तिन्ही टप्प्यांसाठीचा एकच पोशाख, पोहण्यापासून धावण्यापर्यंत एकच ठेवता येतो. त्यात बसण्याच्या जागी असलेली गादी मुद्दाम पातळ असते, म्हणजे पाणी लवकर निथळते आणि धावताना मांड्यांत बोजा होत नाही.

टायरविषयी थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण खर्चाच्या मानाने सर्वाधिक परतावा इथे मिळतो. सहा बार (बार हे दाबाचे एकक) दाबाच्या टायरवर ४० किलो भार असेल, तर रस्त्याला टेकलेला भाग केवळ साडेसहा चौरस सेंटीमीटर, म्हणजे अंगठ्याच्या ठशाएवढा असतो. चाक फिरताना रबराचा प्रत्येक भाग तिथे चपटा होतो आणि पुन्हा सुटतो. रबर दाबण्यासाठी लागलेली सगळी ऊर्जा परत मिळत नाही. तिचा काही अंश उष्णतेत जातो. चांगल्या टायरचे कापड लवचीक आणि रबर कमी ऊर्जा गिळणारे असते. वरच्या हिशेबात टायरचा रोधगुणांक, म्हणजे टायरवरच्या भाराच्या तुलनेत त्याचा रस्त्यावरचा रोध, ०.००५ धरला आहे, तो ०.००४ केला, तर ४० किलोमीटरमध्ये सुमारे ८० सेकंद वाचतात.

हवा जितकी जास्त तितके टायर वेगवान, ही समजूत गुळगुळीत पृष्ठभागापुरतीच खरी आहे. प्रत्यक्ष रस्त्यावर दाब एका मर्यादेपलीकडे गेला की टायर बारीक खडबडीतपणा स्वतःत सामावून घेत नाही, तर प्रत्येक उंचवट्यावर सायकलसह स्वाराला वर ढकलतो. ही कंपने हातापायांच्या स्नायूंमध्ये जिरतात, म्हणजे ऊर्जाही जाते आणि थकवाही वाढतो. पूर्वी सर्रास वापरल्या जाणाऱ्या २३ मिलिमीटर टायरांची जागा २५ आणि २८ मिलिमीटरच्या टायरांनी घेतली, त्यामागे हेच कारण आहे. लॅटेक्सच्या ट्यूबमध्येही ऊर्जा कमी वाया जाते. मात्र तिच्यातून हवा लवकर झिरपते, त्यामुळे शर्यतीच्या सकाळी ती भरावीच लागते.

खोल कडांची चाके आणि निमुळते हेल्मेट यांचा फायदा खरा आहे, पण त्यांचा क्रम बैठक, कपडे आणि टायर यांच्या नंतरचा आहे. शिवाय आडव्या वाऱ्यात खोल कडेचे पुढचे चाक हँडल खेचते आणि नवख्या स्वाराला एरोबार सोडावे लागतात. चेन स्वच्छ आणि वंगण दिलेली असावी. पेडलपासून चाकापर्यंत जाताना दोन ते पाच टक्के शक्ती हरवते आणि मळलेली चेन त्यात भर घालते.

आता धावण्याचे बूट. तासाभरात १० किलोमीटर धावणारा स्पर्धक साधारण दहा हजार पावले टाकतो आणि प्रत्येक पावलाला जमीन त्याच्या वजनाच्या दोन ते अडीच पट बलाने त्याला उलट ढकलते. बुटाच्या तळव्यातील फोम या भाराखाली दबतो आणि काही ऊर्जा परत देतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या कोलोराडो विद्यापीठातील संशोधनात नायकीच्या व्हेपरफ्लाय बुटाच्या नमुन्याने ८७ टक्के ऊर्जा परत दिली, तर तुलनेसाठी घेतलेल्या दोन बुटांनी अनुक्रमे सुमारे ७६ आणि ६६ टक्के. धावण्याचा ऊर्जाखर्च सरासरी चार टक्क्यांनी घटला. त्या बुटात कार्बनची पट्टीही असल्याने श्रेय तिलाच दिले जाऊ लागले. पण नंतर पट्टीला आडवे काप देऊन तिचा कडकपणा घालवल्यावरही ऊर्जाखर्चात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मुख्य काम हलका आणि उसळणारा फोम करतो, असे त्यातून दिसते. जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेने २०२० मध्ये रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळव्याची जाडी ४० मिलिमीटरपर्यंत आणि पट्टी एकच, अशी मर्यादा घातली.

हौशी धावपटूने हे आकडे जसेच्या तसे स्वतःला लावू नयेत. मूळ प्रयोग ताशी १४ ते १८ किलोमीटर वेगाने धावणाऱ्यांवर झाले होते. ताशी दहा-बारा किलोमीटर वेगात फायदा बराच कमी होतो आणि व्यक्तीगणिक बदलतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सायकलवरून उतरल्यावर पहिले काही किलोमीटर पाय जड वाटतात आणि पावलावरचा ताबा सुटलेला असतो. अशा अवस्थेत उंच, मऊ आणि अरुंद तळव्यावर घोटा डळमळू शकतो. बुटाचे वजन मात्र सर्वांनाच जाणवते, कारण प्रत्येक बुटावर १०० ग्रॅम वाढले की ऊर्जाखर्च सुमारे एक टक्क्याने वाढतो. नवा बूट घेतला, तर तो सायकलचा सराव संपवून लगेच धावून तपासावा. ताज्या पायांनी दुकानात घेतलेली चाचणी इथे अपुरी पडते.

लेसच्या जागी लवचीक दोरी घातली की बूट एका झटक्यात चढतो आणि ओल्या, थरथरत्या बोटांनी गाठ मारावी लागत नाही. काही जण वेळ वाचवण्यासाठी मोजेही टाळतात. दमट त्वचेवर घर्षण कोरड्या त्वचेपेक्षा जास्त असते. पाऊल बुटात पुढेमागे सरकताना त्वचेचे वरचे थर ताणले जातात, आतल्या आत फाटतात आणि तिथे द्रव साचून फोड येतो. पाच किलोमीटरच्या छोट्या शर्यतीत ज्याचे पाऊल हे सहन करते, त्याने खुशाल विनामोजे धावावे. दहा किंवा त्याहून अधिक किलोमीटरसाठी पातळ मोजे चढवण्यात गेलेली दहा-पंधरा सेकंदे मला तरी वाया गेलेली वाटत नाहीत.