स्पॅनिश माणसाचं इंग्लिश ओठावरच का अडतं, त्यामागची गोष्ट

माद्रिदला नोकरीसाठी आले त्या वर्षी ऑफिसातल्या मैत्रिणीने एका संध्याकाळी मला बारमध्ये नेलं, तिथे 'इंतरकांबिओ' होतं, म्हणजे देवाणघेवाण. अर्धा तास सगळ्यांनी इंग्लिश बोलायचं, मग अर्धा तास स्पॅनिश, आणि कोणाला कुठली भाषा येते ते कळावं म्हणून शर्टावर स्टिकर. माझ्यासमोर बसलेल्या बाई ग्लास घट्ट धरून म्हणाल्या, "आय हॅव थर्टी एट इयर्स," आणि गप्पच झाल्या, कारण चुकलं हे त्यांचं त्यांनाच कळलं होतं. स्पॅनिशमध्ये वय सांगताना 'माझ्याकडे ३८ वर्षं आहेत' असंच म्हणतात, ते वाक्य तसंच्या तसं इंग्लिशमध्ये उतरलं. बाकी या बाई इंग्लिश पेपर आरामात वाचायच्या. वाचता येतं पण तोंड उघडत नाही, ही अवस्था मराठी मीडियमवाल्यांना समजावून सांगायला नको.

तेव्हापासून मी याच्या मागे लागले की हे असं का झालं, आणि धागा थेट १९४१ पर्यंत गेला.

यादवी युद्ध संपून हुकूमशहा फ्रँकोची राजवट आली होती आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये हुकूम निघाला की परदेशी सिनेमे फक्त स्पॅनिश आवाज चढवूनच दाखवायचे. मुसोलिनीच्या इटलीत आधीच असं होतं. कारण सेन्सॉरचं होतं, आवाज आपल्या हातात असला की गोष्टही बदलता येते. एका गाजलेल्या हॉलिवूड सिनेमात विवाहबाह्य प्रेम लपवायला डबिंगमध्ये नवराबायकोचं चक्क भाऊबहीण करून टाकलं, आणि पडद्यावर त्यांची जवळीक तशीच राहिली! सक्ती पुढे काही वर्षांत उठली पण तोवर लोकांना सवय लागली होती, डबिंगचा धंदाही उभा राहिला होता. पोर्तुगालमध्ये मात्र सबटायटल्स चालायची, तिथली पोरं इंग्लिश ऐकत मोठी झाली. स्पेनमधल्या दोन-तीन पिढ्यांच्या कानावर हॉलिवूडचे हिरो आले ते स्पॅनिश बोलतच.

त्यात शाळेत बराच काळ फ्रेंचच जास्त. १९७० च्या शिक्षण कायद्याने सहावीपासून परदेशी भाषा आली, १९९० च्या कायद्याने ती आठव्या वर्षावर आणली आणि मधल्या काळात इंग्लिशने फ्रेंचला मागे टाकलं. पण वर्गात व्याकरण, गाळलेल्या जागा भरा, भाषांतर करा, आणि युनिव्हर्सिटीच्या प्रवेश परीक्षेत इंग्लिशचा पेपर लेखी. जे परीक्षेत नाही ते कोण शिकवणार?

आणि उच्चार हा खरंच कठीण मामला आहे, त्याला आळस म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. स्पॅनिशमध्ये स्वर पाचच, त्यामुळे शिप आणि शीप कानाला एकच लागतं. ब आणि व्ह यांत फरक नाही. शब्दाच्या सुरुवातीला 'स'ला जोडून व्यंजन आलं की आधी 'ए' लागतोच, म्हणून स्कूलचं 'एस्कूल' होतं आणि स्पेनचं 'एस्पेन'. हे पुस्तक वाचून सुटत नाही, समोर बसून ऐकणारं कोणीतरी लागतं.

तसं माणूस मिळवून देण्याची पद्धत आली ती भाषाजोड्यांमधून, म्हणजे दोघांनी एकमेकांना आपापली भाषा शिकवायची. त्याचं मूळ साठच्या दशकातल्या फ्रेंच-जर्मन तरुणांच्या मेळाव्यांत आहे, मग १९७९ मध्ये युर्गेन वोल्फ यांनी स्पॅनिश आणि जर्मन शिकणाऱ्यांच्या जोड्या लावायला सुरुवात केली, त्याला टँडेम म्हणतात, म्हणजे दोघांनी पॅडल मारायची सायकल. आजचं बारमधलं इंतरकांबिओ त्याच जातीचं, फक्त शिस्त कमी आणि बिअर जास्त.

मला सगळ्यात आवडलेली कल्पना मात्र २००१ ची. सोरिया प्रांतात बाल्देलाबिया नावाचं डोंगरातलं गाव आहे, दगडी घरांचं, माणसं शहरात गेल्यामुळे ओस पडलेलं आणि नंतर राहण्यासाठी पुन्हा उभं केलेलं. तिथे 'पुएब्लो इंग्लेस' म्हणजे इंग्लिश गाव सुरू झालं. स्पॅनिश लोक पैसे भरून येतात, इंग्लिश मातृभाषा असलेले स्वयंसेवक मात्र फुकट राहतात-जेवतात, बदल्यात त्यांनी दिवसभर बोलायचं. स्पॅनिशला बंदी, सकाळच्या नाश्त्यापासून. जोडीने फिरायला जायचं आणि गप्पा मारायच्या, फळा नाही की वही नाही. आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फोन करायचा! कारण फोनवर हातवारे करता येत नाहीत, चेहरा दिसत नाही, नुसत्या आवाजावर निभवावं लागतं, आणि ऑफिसात घाम फुटतो तो नेमका तिथेच.

सरकारी बाजूने १९९६ मध्ये शिक्षण मंत्रालय आणि ब्रिटिश कौन्सिलचा द्विभाषिक शिक्षणासाठी करार झाला, २००४ मध्ये माद्रिद प्रांताने २६ शाळांत द्विभाषिक शिक्षण सुरू केलं आणि वर्गात परदेशातून आलेले 'संवाद सहाय्यक' बसू लागले. यावर अजून भांडणं आहेत, विज्ञान इंग्लिशमधून शिकवल्याने विज्ञानच कच्चं राहतं असं बरेच पालक म्हणतात. २००८ च्या मंदीनंतर तरुणांतली बेकारी ५० टक्क्यांच्या वर गेली, तेव्हा कित्येक जण लंडन-डब्लिनला कॅफेत काम करून बोलायला शिकले, नाइलाजाने.

मग आला सप्टेंबर २०१३. माद्रिदच्या महापौर आना बोतेया ब्युनोस आयर्समध्ये, २०२० चं ऑलिंपिक माद्रिदला मिळावं म्हणून, इंग्लिशमध्ये बोलल्या आणि प्लासा मायोर या माद्रिदच्या चौकात 'रिलॅक्सिंग कप ऑफ काफे कोन लेचे' (दुधाची कॉफी) घ्यायचं आमंत्रण दिलं. ऑलिंपिक टोकियोला गेलं आणि ते वाक्य टीशर्टवर छापून आलं, अख्खा देश हसला. राजकारणाचं सोडा, पण त्या हसण्याचं मला वाईट वाटतं, कारण त्या बाईंचा ग्लास आठवतो. स्पॅनिशमध्ये या लाजेला 'बेर्ग्वेन्सा' म्हणतात आणि का बोलत नाही विचारलं की बरेच जण हाच शब्द सांगतात.

अटलांटिकपलीकडच्या स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत अडचण वेगळीच, पैशाची. ग्वातेमालात वाढलेल्या लुइस फॉन आन यांना इंग्लिशची परीक्षा द्यायला शेजारच्या एल साल्वादोरला जावं लागलं होतं, ग्वातेमालात जागा भरल्या होत्या म्हणून. त्यांनीच पुढे सेव्हरिन हॅकर यांच्यासोबत २०१२ मध्ये ड्युओलिंगो हे भाषा शिकण्याचं ॲप सर्वांसाठी फुकट खुलं केलं. शब्द आणि वाक्यं त्यावर चांगली पाठ होतात, आणि आता तर फोनमधल्या मशीनशी तोंडी बोलताही येतं, ते हसत नाही, कंटाळत नाही, रात्री ११ लाही तयार असतं.

आमच्या बारमध्ये मंगळवारी तरीही जागा मिळत नाही. त्या बाई अजून येतात, आता वय बरोबर सांगतात, आणि त्यांचा अर्धा तास झाला की माझं स्पॅनिश ऐकायला खुर्ची पुढे ओढून बसतात.